जीन आहे पण औषध नाही: मातीतले बॅक्टेरिया अँटिबायोटिक कधी बनवायचं हे ठरवतात तरी कसं?

निळीशाई

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की मातीतले बॅक्टेरिया अँटिबायोटिक सोडत असतात, आणि तेव्हाच वाटलं होतं की हे बरोबर असलं तरी अर्धंच आहे, कारण बहुतेक वेळ ते काहीच सोडत नाहीत. आयुष्याचा मोठा भाग गप्प बसतात आणि मग एका ठराविक वेळी कारखाना सुरू होतो. तो कोण सुरू करतं हीच खरी गंमत आहे.

आधी माझी गोष्ट सांगते. एमएस्सीला प्रोजेक्टसाठी माझ्या वाट्याला स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर आला. सीलिकलर म्हणजे आकाशाच्या रंगाचा. तो अ‍ॅक्टिनोरोडिन नावाचं अँटिबायोटिक बनवतो, ते अल्कलीत निळं दिसतं आणि आम्लात लाल, त्यामुळे बनतंय की नाही हे बघायला मशीन लागत नाही, प्लेट उलटी करून खालून बघायचं, बस. शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या प्लेट पाचव्या दिवशी निळ्याशार झाल्या आणि माझ्या अकराव्या दिवशीसुद्धा पांढरट पिवळट. कल्चर दोघींचं एकाच ट्यूबमधलं. मी तीन वेळा पुन्हा केलं, तिन्ही वेळा तेच, वाढ उत्तम पण रंग नाही. शेवटी वही तपासताना सापडलं की मी फॉस्फेटचं सोल्यूशन दहापट जास्त घालत होते. म्हणजे बॅक्टेरिया तोच, डीएनए तोच, आणि फक्त खायला फॉस्फेट भरपूर मिळालं म्हणून त्याने अँटिबायोटिक बनवलंच नाही. त्या दिवसापासून मी या विषयाला चिकटले ती अजून सुटलेली नाहीये.

तर स्ट्रेप्टोमायसिस जगतो कसा ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हा बॅक्टेरिया असूनही बुरशीसारखा धाग्याधाग्यांनी मातीत पसरतो. खाणं आहे तोवर धागे पसरत राहतात. खाणं संपत आलं की तो वर, हवेत उभे राहणारे पांढरे धागे काढतो आणि त्यांचे तुकडे पडून बीजाणू होतात, म्हणजे स्पोअर. आता हे वरचे धागे वाढवायला माल कुठून आणायचा? तर खालचे जुने धागे स्वतःच विरघळवून. म्हणजे घर मोडून त्याच लाकडाची होडी बांधण्यासारखं आहे हे, आणि बरोब्बर त्याच वेळी तो सगळ्यात उघडा पडतो, कारण ते विरघळलेलं अन्न आजूबाजूच्या सगळ्या सूक्ष्मजीवांना हवं असतं. अँटिबायोटिक बहुतेक वेळा याच सुमारास बनतात. मला हे स्पष्टीकरण फार पटतं, साठा फोडायची वेळ आली की आधी राखण लावायची.

आता जीन. एका अँटिबायोटिकसाठी लागणारे सगळे जीन क्रोमोसोमवर शेजारी शेजारी, एका वस्तीत असतात, त्याला क्लस्टर म्हणतात. अ‍ॅक्टिनोरोडिनच्या क्लस्टरमध्ये साधारण २२ जीन आहेत. इंग्लंडमधल्या नॉरिचच्या जॉन इनेस संस्थेत डेव्हिड हॉपवूड आणि फ्रान्सिस्को मालपार्तिदा यांनी १९८४ मध्ये हा अख्खा क्लस्टर बाहेर काढून दुसऱ्या स्ट्रेप्टोमायसिसमध्ये घातला आणि तो दुसराही अ‍ॅक्टिनोरोडिन बनवायला लागला. या वस्तीत माल बनवणारे जीन असतात, माल बाहेर काढणारे पंप असतात आणि एक मुकादम असतो. अ‍ॅक्टिनोरोडिनच्या मुकादमाचं नाव फार रुक्ष आहे, अ‍ॅक्ट-टू-ओआरएफ-फोर. याचं प्रोटीन बनलं की ते बाकीच्या जीनच्या सुरुवातीला जाऊन बसतं आणि काम सुरू. नाही बनलं तर सगळी वस्ती शांत. त्यामुळे प्रश्न असा उरतो की मुकादमाला कोण उठवतं?

आणि इथे एक नाही, दहा जण दाराशी उभे असतात. २००२ मध्ये या बॅक्टेरियाचा पूर्ण जिनोम छापून आला, ८६ लाखांहून जास्त अक्षरं, ७८२५ जीन. आपल्या पोटातल्या ई. कोलायकडे सव्वाचार हजारांच्या आसपास असतात. पण मला जीनच्या संख्येपेक्षा दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो, यातले १२ टक्क्यांहून जास्त जीन फक्त दुसऱ्या जीनवर नियंत्रण ठेवणारे आहेत. सिग्मा फॅक्टर, म्हणजे जीन वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेज या एन्झाइमला कुठल्या जीनपासून वाचायला सुरुवात करायची ते दाखवणारे वाटाडे, ई. कोलायकडे ७ आणि याच्याकडे ६५. मातीत क्षणाक्षणाला ओल, खाणं, शेजारी सगळं बदलत असतं, तिथे इतक्या विचारविनिमयाशिवाय निभत नसावं.

पुढचं प्रतिसादांत लिहिते, फार लांबलंय. ए-फॅक्टर आणि टीटीएची गोष्ट राहिलीय, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

प्रश्नचिन्ह

मस्त धागा, वाचनखूण साठवलीय. एक बेसिक शंका. फॉस्फेट जास्त म्हणून बनवत नाही हे कळलं पण फॉस्फेट आहे हे जीनला कळतं कसं? जीन तर नुसता डीएनएचा तुकडा, त्याला बाहेरचं काय दिसणार?

निळीशाई

@प्रश्नचिन्ह, शंका अगदी मुळाला हात घालणारी आहे. मध्ये दोन प्रोटीनची जोडी असते. एक पेशीच्या पडद्यात बसलेलं, फो-आर, ते बाहेरच्या फॉस्फेटवर लक्ष ठेवतं. फॉस्फेट कमी पडलं की ते आतल्या जोडीदाराला, फो-पीला, एक फॉस्फेटचा गट चिकटवतं आणि तो जोडीदार डीएनएवर जाऊन कोणते जीन चालू, कोणते बंद ते बदलतो. बॅक्टेरियांत अशा जोड्या सर्रास असतात, स्ट्रेप्टोमायसिसमध्ये तर डझनांनी. म्हणजे जीन आंधळाच असतो, तुमचं बरोबर आहे, पण त्याच्या दाराशी निरोप घेऊन येणारा कुणीतरी असतो.

शेवंती

ए-फॅक्टर सांगा ना ताई, वाट बघतेय.

निळीशाई

सांगते सांगते. १९६७ मध्ये सोव्हिएत संघात खोखलोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्ट्रेप्टोमायसिस ग्रीसियसचा एक म्युटंट, म्हणजे डीएनएत बदल झालेला वाण मिळाला, तो स्ट्रेप्टोमायसिन बनवत नव्हता आणि त्याला स्पोअरही येत नव्हते. पण त्याला चांगल्या जातीचं गाळून घेतलेलं पाणी दिलं की दोन्ही परत सुरू. त्या पाण्यात काहीतरी होतं, त्याला त्यांनी ए-फॅक्टर म्हटलं. छोटासा रेणू आहे, आणि लागतो किती तर एका लिटरला एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचाही जेमतेम पाव हिस्सा. हे मला हॉर्मोनसारखं वाटतं आणि शास्त्रज्ञही त्याला बॅक्टेरियाचा हॉर्मोनच म्हणतात.

तो करतो काय हे पुढे टोकियोत होरिनोउची आणि बेप्पू यांच्या गटाने पायरी पायरीने उलगडलं. एरवी अर्प-ए नावाचं प्रोटीन एका जीनवर ठाण मांडून बसलेलं असतं, त्या जीनचं नाव एडीपी-ए. धागे वाढत जातात तसा ए-फॅक्टर साचत जातो, एका मर्यादेपलीकडे गेला की तो अर्प-एला चिकटतो, अर्प-ए डीएनएवरून सुटून पडतं आणि एडीपी-ए मोकळा होतो. एडीपी-ए मग एकीकडे स्पोअर बनवणारे जीन उठवतो आणि दुसरीकडे एसटीआर-आरला उठवतो, हा स्ट्रेप्टोमायसिनच्या क्लस्टरचा मुकादम. बघा ना, वंशवाढ आणि अँटिबायोटिक दोन्ही एकाच हाताखाली. ज्यांनी अर्प-ए मोडून बघितलं त्यांना बॅक्टेरिया वेळेआधीच दोन्ही गोष्टी करताना दिसला, म्हणजे अर्प-एचं काम मुळात "अजून नाही, थांब" एवढंच सांगायचं होतं.

हेच ते स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांच्या लॅबमध्ये अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याने शोधलेलं, टीबीवरचं पहिलं खरं औषध. १९५२ चं नोबेल एकट्या वॅक्समनना मिळालं. शाट्झना सहशोधक म्हणून मान्यता मिळवायला कोर्टात जावं लागलं होतं, हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं.

काठावरचा

पण मग हा स्वतः कसा जगतो? स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रावर घाव घालतं आणि रायबोसोम तर यालाही आहेतच की. म्हणजे विष बनवायला सुरुवात केली तर पहिला हाच मरायला हवा.

निळीशाई

@काठावरचा, याचं उत्तर जीनच्या मांडणीतच आहे आणि ते मला या सगळ्यात सगळ्यात देखणं वाटतं. मुकादम एसटीआर-आरच्या लगेच पुढचा जीन आहे एपीएच-डी, आणि त्याचं एन्झाइम स्ट्रेप्टोमायसिनला फॉस्फेट चिकटवून निकामी करतं. हे दोन्ही जीन एकाच दमात वाचले जातात. म्हणजे माल बनवायचा हुकूम सुटतो त्याच हुकुमात चिलखतही चढवलं जातं, एक आधी आणि एक नंतर असं होण्याचा प्रश्नच ठेवलेला नाही. पेशीच्या आत स्ट्रेप्टोमायसिन त्या फॉस्फेटसकट निकामी रूपातच तयार होतं, बाहेर गेल्यावर दुसरं एन्झाइम तो फॉस्फेट काढून टाकतं आणि तेव्हा कुठे ते विषारी होतं.

अ‍ॅक्टिनोरोडिनची तऱ्हा वेगळी. तिथे पंपाच्या जीनवर अ‍ॅक्ट-आर नावाचं अडवणारं प्रोटीन बसलेलं असतं. अ‍ॅक्टिनोरोडिन पूर्ण व्हायच्या आधीचा, अर्धवट तयार झालेला माल त्याला चिकटतो आणि तो बाजूला होतो, म्हणजे शेवटचा रेणू तयार व्हायच्या आतच दार उघडून ठेवलेलं असतं. एरिथ्रोमायसिन बनवणारा सॅकॅरोपॉलिस्पोरा तर आपल्या रायबोसोमवर मिथाइलचा गट लावून ती जागाच बदलून टाकतो, मग औषधाला चिकटायला जागाच उरत नाही.

प्रश्नचिन्ह

म्हणजे हॉस्पिटलमधले जंतू औषधांना दाद देत नाहीत त्यांची युक्ती आणि ही युक्ती एकच झाली की काय?

निळीशाई

होय, त्याच धाटणीची आहे. १९७३ मध्येच बेनव्हेनिस्ट आणि ज्युलियन डेव्हिस यांनी दाखवलं होतं की औषध निकामी करणारी जी एन्झाइम रोगजंतूंमध्ये सापडतात तशीच मातीतल्या अँटिबायोटिक बनवणाऱ्यांकडे आहेत, आणि उगम तिकडचा असावा असं मांडलं होतं. २००६ मध्ये जेरी राइट यांच्या गटाने मातीतल्या ४८० जाती २१ अँटिबायोटिकवर तपासल्या, सरासरी एकेक जात ७ ते ८ औषधांना पुरून उरली. माती हे औषधांचं कोठार आहे तसंच त्यांच्या तोडग्यांचंही आहे, म्हणूनच ती जपून वापरायला हवीत असं माझं अगदी मनापासून म्हणणं आहे.

आंबवणकर

मी फर्मेंटेशनच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, मोठमोठ्या टाक्यांवर, त्यामुळे धागा वाचून फार बरं वाटलं. फॉस्फेटचं जे सांगितलंत ना ते आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात, कारण कुणी शिकवो न शिकवो बॅच फेल गेली की आपोआप कळतं. ग्लुकोजचंही तसंच, भसकन एकदम ग्लुकोज दिलं की बॅक्टेरिया वाढत सुटतो आणि प्रॉडक्ट येतच नाही, म्हणून साखर थेंब थेंब सोडायची, त्याला कायम किंचित उपाशी ठेवायचं. आमचे एक जुने सुपरवायझर म्हणायचे की पोट भरलेला कामगार काम करत नाही. माणसाच्या बाबतीत मला ते कधीच पटलं नाही पण टाकीच्या बाबतीत बरोबर होतं.

आणखी एक. जास्त माल देणाऱ्या स्ट्रेन, म्हणजे बॅक्टेरियाचे वाण, आम्ही जीन बघून नाही बनवल्या, जुन्या काळी यूव्ही मारायचं, हजारो कॉलनी तपासायच्या, बरी निघेल ती घेऊन परत यूव्ही. आत काय बदललं कुणालाच माहीत नसायचं. खूप नंतर लोकांनी अशा स्ट्रेन उघडून बघितल्या तर कॅनामायसिनच्या एका स्ट्रेनमध्ये अख्खा क्लस्टरच एकापुढे एक असा ३६ पर्यंत वेळा उमटलेला निघाला! म्हणजे नियंत्रणाचं कोडं न सोडवता नुसते कारखानेच वाढवले होते.

निळीशाई

@आंबवणकर काका, असा अनुभव पुस्तकात मिळत नाही, आणखी लिहा प्लीज. तुमच्या थेंब थेंब साखरेवरून २००८ चं एक काम आठवलं, बेल्जियमचे रिगाली आणि नेदरलँड्सचे व्हान वेझेल यांचं. एन-असिटिलग्लुकोसामाइन नावाची एक साखर आहे, ती कायटिनमध्ये असते म्हणजे किड्यांच्या कवचात आणि बुरशीच्या भिंतीत, आणि बॅक्टेरियाच्या स्वतःच्या भिंतीतही असते. ही साखर भरपूर खाण्याबरोबर दिली तर अँटिबायोटिक थांबतं आणि उपासमारीत दिली तर सुरू होतं. एकच साखर आणि दोन उलटे अर्थ! मेजवानीच्या वेळी ती म्हणजे कायटिन पचतंय, चैन आहे, आणि दुष्काळात ती म्हणजे आपल्याच भिंती विरघळायला लागल्यात. या साखरेपासून पेशीत बनणारा रेणू डॅस-आर नावाच्या अडवणाऱ्या प्रोटीनला चिकटतो, ते सुटतं, आणि ते ज्यांच्यावर बसलेलं असतं त्यात आपला मुकादम अ‍ॅक्ट-टू-ओआरएफ-फोरही आहे. स्वतःचं मरण हाच बॅक्टेरियाला मिळालेला निरोप असू शकतो, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान मिटून थोडा वेळ नुसती बसून होते.

अनघड

टीटीए राहिलं.

निळीशाई

हो, लक्षात आहे :)

सीलिकलरच्या डीएनएमध्ये जी आणि सी ही अक्षरं ७२ टक्के आहेत. प्रोटीनमधलं ल्युसिन हे अमिनो आम्ल लिहायचे सहा प्रकार असतात, त्यातला एक टीटीए. जिथे जी आणि सीचीच गर्दी तिथे टीटीए अगदी दुर्मिळ, ७८०० जीनपैकी फक्त दीडशेच्या आतबाहेर जीनमध्ये तो सापडतो. आता टीटीए वाचायला एक खास टी-आरएनए, म्हणजे त्या तीन अक्षरांसाठी योग्य अमिनो आम्ल आणून देणारा रेणू, लागतो आणि तो बनवणारा जीन म्हणजे बीएलडी-ए. बीएलडी म्हणजे टकला, कारण हा जीन मोडला की कॉलनीवर ते पांढरे केस येतच नाहीत, गुळगुळीत टक्कल दिसतं. १९८७ मध्ये कीथ चेटर यांच्या गटाने दाखवलं की हा टकल्या जीन प्रोटीन बनवत नाही, टी-आरएनए बनवतो, तोही फक्त याच एका अक्षर-तिकडीचा.

आणि तो मोडला तर बॅक्टेरिया मरतो का? नाही. मस्त वाढतो. जगायला अत्यावश्यक असलेल्या कुठल्याच जीनमध्ये टीटीए नाहीये. मग आहे कुठे? मुकादमात आहे, अ‍ॅक्ट-टू-ओआरएफ-फोरमध्ये. एडीपी-एमध्ये आहे. म्हणजे जीन चालू झाला, त्याचा आरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायला लागणारी नक्कल, निघाला, पण तो वाचायला लागणारा एक शब्द जवळ नाही म्हणून प्रोटीन बनत नाही. आपण सगळे समजतो की जीनचं नियंत्रण म्हणजे डीएनएच्या दाराशी कुलूप, आणि इथे दार उघडं, चिठ्ठी हातात, फक्त ती वाचणारा अजून आलेला नाही. टीटीए इतका मोक्याच्याच जागी टिकून राहिला हा मला योगायोग वाटत नाही.

शेवंती

अंगावर काटा आला हे वाचून. एक विचारू का, सगळे स्ट्रेप्टोमायसिसच सांगताय, मातीत बाकीचे बॅक्टेरिया पण असतील ना, त्यांच्याकडेही हेच सगळं असतं?

काठावरचा

@शेवंती, मी वनस्पतींच्या मुळांजवळच्या सूडोमोनासवर थोडं काम केलंय म्हणून लिहितो, निळीशाई चुकत असेल तिथे दुरुस्त करा. तिथे टीटीए वगैरे काही नाही, वेगळीच पद्धत आहे. डीएपीजी नावाचं अँटिबायोटिक आहे, गव्हाच्या मुळांना कुजवणाऱ्या टेक-ऑल नावाच्या बुरशीला ते आवरतं. याचे आरएनए तयार असतात पण त्यांच्यावर आरएसएम नावाची छोटी प्रोटीन बसून वाचनच अडवतात. गॅक-एस आणि गॅक-ए अशी एक जोडी आहे, संदेश आला की ती छोटे छोटे आरएनए बनवते ज्यातून काहीच प्रोटीन बनत नाही, त्यांचं काम फक्त त्या आरएसएम प्रोटीनना स्वतःकडे ओढून घ्यायचं. अडवणाऱ्यांनाच कुणी गुंतवून ठेवलं की खरे आरएनए मोकळे. शिवाय डीएपीजी स्वतःच आपल्या जीनवरचा अडथळा दूर करतं म्हणजे एकदा सुरू झालं की जोर धरतं.

आणि फ्युजेरियम नावाची बुरशी त्यावर उलटा डाव टाकते, ती फ्युजारिक आम्ल सोडते आणि त्याने काही सूडोमोनासमध्ये डीएपीजीचे जीनच थंड पडतात. शत्रू तुमच्या शस्त्रागाराच्या स्विचवर बोट ठेवतोय. शेतात बॅक्टेरियाचं जैविक औषध टाकलं आणि कधी लागू पडलं कधी नाही असं का होतं, त्याचं एक कारण मला हे वाटतं. बॅक्टेरिया मातीत असतो, पण जीन चालू असतातच असं नाही.

निळीशाई

@काठावरचा, काहीच दुरुस्त करण्यासारखं नाहीये, उलट तुमचं शेवटचं वाक्य धाग्याच्या शीर्षकाला अगदी लागू पडतं.

संशयी

सगळं छान आहे पण मला एक गोष्ट खटकते. अँटिबायोटिक म्हणजे शस्त्र, शत्रू, राखण, हे सगळं गृहीत धरूनच चाललाय तुम्ही. मातीत ते इतक्या कमी प्रमाणात असतं की मारण्याइतकं पुरतं का याचीच शंका आहे. औषध म्हणून आपण वापरतो म्हणून त्याचं काम मारणं हेच, असं कशावरून?

निळीशाई

@संशयी, हा वाद खरा आहे आणि जुना आहे. वर ज्यांचं नाव आलं त्या ज्युलियन डेव्हिस यांचंच म्हणणं असं होतं की ही मुळात संदेश देणारी रसायनं असावीत, कारण मारणार नाही इतक्या कमी प्रमाणात दिली तरी दुसऱ्या बॅक्टेरियांचे कितीतरी जीन वरखाली होतात. पण मी स्वतः अजून शस्त्राच्या बाजूला झुकते. संदेशच द्यायचा असता तर देणाऱ्याला स्वतःच्या हुकुमात चिलखत बांधून ठेवायची गरज नव्हती. शिवाय धाग्यांच्या अगदी लगत, मातीच्या दोन कणांमधल्या फटीत, तेच अँटिबायोटिक किती दाट असेल हे मूठभर माती ढवळून मोजता येत नाही. दोन्ही कामं एकच रेणू करत असेल हेही शक्य आहे, आणि लांबवर संदेश आणि जवळ घाव असं असेल तर मला नवल वाटणार नाही.

संशयी

चिलखताचा मुद्दा चांगला आहे, मान्य. फटीचाही. विचार करतो.

प्रश्नचिन्ह

शीर्षकाकडे परत येऊ का? जीन आहे पण औषध नाही म्हणजे असे किती जीन आहेत जे कधीच चालू होत नाहीत?

निळीशाई

हा प्रश्न येणार होताच. २००२ च्या आधी लोकांना सीलिकलरची मोजकी चार-पाच अँटिबायोटिक आणि तसले रेणू माहीत होते, आणि त्यावर लोक दशकानुदशकं काम करत होते. जिनोम वाचला तर असे क्लस्टर वीसहून जास्त निघाले. दुसऱ्या स्ट्रेप्टोमायसिसमध्येही तेच चित्र. म्हणजे ज्याला आपण पूर्ण ओळखतो असं समजत होतो त्याच्या बहुतेक खोल्या कुणी उघडूनच बघितल्या नव्हत्या. यांना मुके क्लस्टर म्हणतात. लॅबमध्ये मुके, मातीत मुके असतीलच असं नाही, तिथे कदाचित एखादा विशिष्ट शेजारी आला की बोलत असतील.

उठवायचे मार्ग लोक शोधतायत. सरळ मार्ग म्हणजे अडवणारा जीन काढून टाकायचा किंवा मुकादम जबरदस्तीने चालू ठेवायचा. दुसरा, मीडिया, म्हणजे प्लेटमधलं खाद्य, बदलून बघायचा, शेजारी दुसरा सूक्ष्मजीव लावायचा. आणि तिसरा मला फार आवडतो, तो जपानच्या कोझो ओची यांचा. स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडन्स हा सीलिकलरचा सख्खा चुलतभाऊ, याच्याकडे अ‍ॅक्टिनोरोडिनचा अख्खा क्लस्टर आहे पण सहसा बनवत नाही. ओची यांच्या गटाने त्याला स्ट्रेप्टोमायसिनच्या प्लेटवर वाढवलं, त्यातून जे तगले त्यांच्या रायबोसोमच्या एका प्रोटीनमध्ये म्युटेशन होतं, आणि त्यातले काही निळे पडले! कुठलाही मुकादम हलवला नाही, क्लस्टरला हात लावला नाही, नुसता वाचणारा रायबोसोम किंचित बदलला. रिफाम्पिसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला दाद न देणारे निवडले तर आरएनए पॉलिमरेजमध्ये बदल होतो आणि तिथेही असाच परिणाम मिळतो. उपासमारीत पेशीत पीपीजीपीपी नावाचा एक रेणू वाढतो जो एरवी पॉलिमरेजला "आता वाढ थांबव" असं सांगतो, या म्युटेशननी पॉलिमरेज जणू तो निरोप आधीच मिळाल्यासारखा वागतो असं समजलं जातं.

आंबवणकर

जिनोममधून क्लस्टर शोधायला आता फुकट सॉफ्टवेअर आहे, अँटीस्मॅश, २०११ पासून. पोरं एका दुपारी यादी काढतात. पण यादी आणि टाकीतला माल यात किती अंतर आहे ते मला विचारा.

शेवंती

अवांतर होईल कदाचित पण पहिल्या पावसाचा जो वास येतो तो याच बॅक्टेरियाचा असतो ना? त्यालाही जीन आहेत का?

निळीशाई

अवांतर अजिबात नाही. मातीच्या त्या वासात मोठा वाटा जिओस्मिनचा, आणि तो प्रामुख्याने स्ट्रेप्टोमायसिस बनवतात. आपलं नाक त्याला इतकं हळवं आहे की लाख कोटी भागांत काही भाग असला तरी कळतो. जिओस्मिन बनवणारा जीन स्पोअर बनवणाऱ्या नियंत्रकांच्याच हाताखाली आहे, बीएलडी-एम आणि डब्ल्यूएचआय-एच. डब्ल्यूएचआय म्हणजे पांढरे, हे मोडले की कॉलनी पांढरीच राहते, स्पोअरचा करडा रंग येत नाही. म्हणजे वास येतो तेव्हा स्पोअर तयार होत असतात. २०२० मध्ये एक शोधनिबंध आला की त्या वासाने स्प्रिंगटेल नावाचे मातीतले बारीक उड्या मारणारे जीव खेचले जातात, ते बॅक्टेरिया खातात आणि स्पोअर अंगाला चिकटवून व विष्ठेतून दूरवर नेऊन टाकतात. अँटिबायोटिक बनवून इतरांना हाकलायचं आणि त्याच सुमारास वास सोडून वाहतूकदाराला बोलवायचं.

अनघड

एका कॉलनीतल्या सगळ्याच पेशी अँटिबायोटिक बनवतात का? की थोड्या बनवतात आणि बाकीच्या आयत्या बसतात?

निळीशाई

@अनघड, फार चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर अगदी अलीकडचं आहे. २०२० मध्येच नेदरलँड्सच्या लायडनमधल्या गटाने दाखवलं की सीलिकलरच्या कॉलनीत काही भागांमध्ये क्रोमोसोमची टोकं मोठमोठ्या तुकड्यांनी गळून जातात. याचं क्रोमोसोम सरळ असतं, बहुतेक बॅक्टेरियांसारखं गोल नाही, त्यामुळे टोकं गळू शकतात. अशा पेशी नीट वाढत नाहीत, स्पोअर कमी देतात, म्हणजे त्यांचा वंश जवळपास संपलेला, पण अँटिबायोटिक त्या जास्त आणि जास्त प्रकारची बनवतात. बाकीच्या पेशी स्पोअर बनवतात. मधमाश्यांच्या पोळ्यातल्या कामकरी माश्यांशी तुलना केली जाते ती याचमुळे.

प्रश्नचिन्ह

शेवटचं विचारतो, तुमच्या त्या प्लेटचं पुढे काय झालं?

निळीशाई

फॉस्फेट बरोबर घालून नवीन मीडिया बनवला, त्याच जुन्या पांढऱ्या प्लेटवरून कल्चर उचललं आणि पाच नवीन प्लेट लावल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी कडेला लालसर छटा दिसली. मला वाटलं पुन्हा काहीतरी बिघडलं. शेजारच्या टेबलावरच्या त्या मुलीने एका प्लेटच्या झाकणात अमोनियाचा एक थेंब टाकला आणि प्लेट उलटी झाकून ठेवली. थोड्या वेळाने उचलली तर जिथे जिथे लाल होतं तिथे तिथे निळं. बाकीच्या चार मी तशाच ठेवल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडली तेव्हा त्यांतल्या तीन आपल्या आपण निळ्या झाल्या होत्या.